मुलाला औषधाच्या ट्रायलमध्ये घेणार असतील तर: पात्रता, कागदपत्रं आणि संमतीची रीत

गेल्या पावसाळ्यात माझ्या भाचेसुनेचा रात्री साडेनऊला फोन आला. ती इंदूरला रामबागेत राहते, माहेर सांगलीचं. तिच्या सात वर्षांच्या मुलीला दमा आहे. दवाखान्यात तिला सांगितलं होतं की नव्या औषधाचा अभ्यास, म्हणजे ट्रायल, चालू आहे, तुमची मुलगी त्यात बसते, औषध फुकट मिळेल. तिथेच पुढ्यात ठेवला अकरा पानांचा हिंदी फॉर्म, आणि शेवटच्या पानावर पेन्सिलने केलेली बारीक फुली. "मावशी, सही करून टाकली मी. आता सांगा, त्यात काय लिहिलंय?"

तिने मला विचारलं, कारण मी इंदूरला शाळेत शिकवलं आणि नंतर काही वर्षं एका एथिक्स कमिटीवर, म्हणजे अशा अभ्यासांना मंजुरी देणाऱ्या आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणाऱ्या समितीवर, सामान्य सदस्य म्हणून बसले. कमिटीत डॉक्टर असतात, कायदा जाणणारा असतो, आणि वैद्यकाशी संबंध नसलेला एक साधा माणूसही असावा लागतो. तो साधा माणूस मी होते. तिला जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहिते आहे. सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते: तो फॉर्म सही करण्यापूर्वी घरी आणता येतो. "जरा वाचून सांगते" म्हणायला कुणाची परवानगी लागत नाही, आणि त्यावरून मुलाचे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत.

मुलांवर औषधांचा अभ्यास होऊच नये, असं माझं मत नाही. मोठ्यांची गोळी अर्धी करून मुलाला देणं हा उपाय नव्हे. १९५०च्या दशकात क्लोरॅम्फेनिकॉल हे औषध मोठ्यांना चांगलं लागू पडत होतं, पण नवजात बाळांच्या कोवळ्या यकृताला ते पचवता आलं नाही. बाळं करडी पडली, दगावली. मुलांसाठीचा डोस मुलांमध्येच अभ्यासावा लागतो. म्हणूनच तो अभ्यास आईबापांच्या डोळ्यांदेखत आणि त्यांना समजून व्हायला हवा.

इंदूरला हे वेगळं सांगायला नको. इथल्या औषध चाचण्यांवरून, ज्यांत लहान मुलंही होती, मोठं वादळ उठलं होतं. इथल्याच स्वास्थ्य अधिकार मंचाने २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्यानंतर देशभर नियम कडक झाले, आणि आज लागू आहेत ते १९ मार्च २०१९ला अधिसूचित झालेले नवीन औषधे व क्लिनिकल ट्रायल नियम.

आता पात्रता. सरकारी योजनेत उत्पन्नाची अट असते, इथे तसं काही नाही. प्रत्येक ट्रायलची स्वतःची अटींची यादी असते: वय, वजन, आजार किती दिवसांचा, आधी कोणती औषधं झाली. मूल त्यात बसलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका, आणि बसावं म्हणून काही लपवूही नका. घरचा काढा, होमिओपॅथीच्या गोळ्या, मेडिकलवरून आणलेलं सिरप, सगळं सांगा. मूल नुकतंच दुसऱ्या ट्रायलमध्ये असेल तर तेही. एका औषधाची दुसऱ्याशी गाठ पडली तर त्रास मुलाला होतो.

सही कोण करू शकतं, इथे आपल्याकडे नेहमी घोळ होतो. मुलाला दवाखान्यात आजी घेऊन जाते आणि सहीही तीच करते. आजीची सही चालत नाही. आई, वडील किंवा कायदेशीर पालक हवेत. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे जोखीम अगदी किरकोळ असेल किंवा मुलाचा थेट फायदा असेल तर एका पालकाची संमती पुरते. जोखीम त्याहून जास्त असेल आणि मुलाला थेट फायदा नसेल तर दोघांची घ्यावी लागू शकते. आई किंवा वडिलांना वाचता येत नसेल तर एक त्रयस्थ साक्षीदार सुरुवातीपासून शेवटपर्यंत हजर हवा, आणि त्यानेही सही करायची. शेवटी बोलावून अंगठ्याशेजारी सही घेतलेला वॉर्डबॉय म्हणजे साक्षीदार नव्हे.

न्यायचे कागद फार नाहीत. मुलाचा जन्मदाखला किंवा आधार, सही करणाऱ्या पालकाचं ओळखपत्र, पालक आईवडील नसतील तर पालकत्वाचा कोर्टाचा कागद, जुन्या चिठ्ठ्या आणि रिपोर्ट, लसीकरणाचं कार्ड. समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा कुटुंबाचा ओळखक्रमांक) किंवा आयुष्मान कार्डावर ही पात्रता ठरत नाही. ट्रायलच्या तपासणीसाठी कुणी आयुष्मान कार्ड मागितलं तर कशासाठी, हे विचारा आणि उत्तर लिहून घ्या. फॉर्ममध्ये शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि वारसाचं नाव विचारतात. ते वाचून भाचेसून घाबरली होती. वारसाचा रकाना ट्रायलमुळे मृत्यू झाला तर भरपाई कुणाला द्यायची यासाठी असतो. तो रिकामा सोडू नका.

फॉर्मबरोबरच्या माहितीपत्रकात काय शोधायचं? अभ्यास कशाचा आहे, किती दिवसांचा, किती वेळा रक्त काढणार, मुलाला नवं औषध मिळेल की जुनं की नुसती औषधासारखी दिसणारी गोळी, आणि या अभ्यासात न जाता दुसरा कोणता उपचार मिळतो. हा शेवटचा प्रश्न लोक विचारत नाहीत. मला तोच सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण "दुसरा उपाय नाही" असं समजून दिलेली संमती ही संमतीच नसते. मुख्य डॉक्टरांचा आणि एथिक्स कमिटीचा संपर्क त्यात असायलाच हवा. शिवाय सीटीआरआय या सरकारी नोंदवहीतला क्रमांक मागून घ्या. पहिला रुग्ण घेण्याआधी ट्रायलची तिथे नोंद व्हावी लागते. तिची साइट कुणालाही बघता येते: स्पॉन्सर (अभ्यास करवून घेणारी कंपनी किंवा संस्था) कोण, मुख्य डॉक्टर कोण, कमिटीची मंजुरी आहे की नाही. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला सांगा, पाच मिनिटांत काढून देईल.

भाषेचं म्हणाल तर संमती तुम्हाला समजणाऱ्या भाषेत घ्यायची असते. इंदूरला फॉर्म हिंदी आणि इंग्रजीत तयार असतात. मराठी हवा असेल तर मागा. त्या भाषांतरालाही कमिटीची मंजुरी लागते, म्हणून दिवस जातील. जाऊ द्या.

आता मुलाचं मत. सात वर्षांखालच्या मुलाला विचारणं बंधनकारक नाही. सात ते बारा वयात आईवडिलांसमोर तोंडी विचारून त्याची नोंद करतात, बारा ते अठरात मुलाची स्वतःची लेखी संमती घेतात. डॉक्टर तिला असेंट म्हणतात. कमिटीत एकदा मुलांसाठीचा असाच एक फॉर्म आला, त्यात शब्द होता "यादृच्छिक पद्धति". मी तेवढं एक वाक्य वहीत उतरवून शेजारच्या चौथीतल्या मुलाला वाचायला दिलं. तो अडखळला. मी सोपं करून सांगितल्यावर म्हणाला, "म्हणजे आजी, चिठ्ठ्या टाकणार का?" अगदी तेच! पुढच्या बैठकीत मी ते सांगितलं आणि फॉर्ममध्ये "चिट्ठी निकालकर" असं आलं. नऊ वर्षांच्या मुलाला कळतं, आपण कळेल असं लिहीत नाही. मूल नको म्हणालं तर ते मानावं लागतं. अपवाद एवढाच, की मुलाचा जीव वाचवू शकेल असा उपचार फक्त त्या अभ्यासातच मिळत असेल.

औषधाचा रेणूच नवा असेल, म्हणजे ते औषध आजवर कुठेच मंजूर झालेलं नसेल, तर संमतीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग बंधनकारक आहे, आणि त्यात तुम्ही विचारलेले प्रश्नही आले पाहिजेत. एचआयव्ही आणि कुष्ठरोगाच्या औषधांसाठी फक्त आवाजाचं रेकॉर्डिंग करतात. कॅमेऱ्यासमोर संकोचून "हो हो" करू नका. समजलं नाही तर तसं स्पष्ट बोला.

सहीनंतर संमतिपत्राची आणि माहितीपत्रकाची प्रत तुमच्या हातात पडली पाहिजे. भाचेसुनेला ती चौथ्या खेपेला मिळाली. मग आम्ही रविवारी बसून ती वाचली, प्रश्न मराठीत लिहून काढले, आणि ते घेऊन ती परत गेली. मुलीचा प्रश्न एकच होता, शाळेच्या सहलीच्या दिवशी रक्त काढायला यावं लागेल का. डॉक्टरांनी तारीख दोन दिवस पुढे घेतली. मुलगी ट्रायलमध्ये राहिली. मधेच बाहेर पडायचं असतं तरी कारण द्यावं लागलं नसतं.

मुलाला काही त्रास झाला तर पहिला फोन ट्रायलच्या डॉक्टरांना, रात्र असली तरी. गंभीर त्रासाची खबर त्यांना २४ तासांत औषध नियंत्रक, स्पॉन्सर आणि एथिक्स कमिटीला द्यावी लागते. उपचार मोफत असतात, जितके दिवस लागतील तितके, किंवा त्रास ट्रायलमुळे नाही हे सिद्ध होईपर्यंत. ट्रायलमुळे मृत्यू झाला तर भरपाई सूत्राने काढतात: मूळ रक्कम ८ लाख, तिला वयाच्या आणि जोखमीच्या गुणांकांनी गुणून ९९.३७ने भागायचं. सोळा वर्षांपर्यंतच्या मुलांचा वयाचा गुणांक सगळ्यात मोठा, २२८.५४. जोखमीचा गुणांक आजाराप्रमाणे ०.५ ते ४. म्हणजे जोखीम १ धरली तर साधारण १८ लाख ४० हजार. हे आकडे लिहिताना हात जड होतो, पण ते आईबापांना ठाऊक असलेले बरे. औषध नियंत्रकांचा आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत स्पॉन्सरने पैसे द्यायचे असतात.

डॉक्टर ऐकत नाहीत असं वाटलं तर एथिक्स कमिटीच्या सचिवांच्या नावे अर्ज करा. कोऱ्या कागदावर चालतो, मराठीत किंवा हिंदीत. ट्रायलचा सीटीआरआय क्रमांक, मुलाचं नाव, त्रास कधी सुरू झाला, कुणाला कधी कळवलं, एवढं तारखांसकट लिहा आणि संमतिपत्राची झेरॉक्स जोडा. अर्ज दोन प्रतींत न्या. एक तिथे द्यायची, दुसरीवर पोचेचा शिक्का आणि तारीख घेऊन ती घरी ठेवायची.