मातेचे वजन आणि कळा आणून केलेली प्रसूती

दिवस भरूनही कळा येत नाहीत, रक्तदाब वाढतो किंवा पाणमोट फुटूनही प्रसूती सुरू होत नाही, तेव्हा औषध देऊन किंवा गर्भाशयाच्या तोंडात फुग्याची नळी घालून कळा आणाव्या लागतात. त्याला किती वेळ लागेल आणि बाळंतपण नॉर्मल होईल की सिझर, यावर मातेच्या वजनाचा परिणाम होतो. ग्रामीण विदर्भात याची दोन्ही टोके दिसतात. मेळघाट-गडचिरोलीत रक्त कमी असलेली कृश गर्भवती भेटते, तर तालुक्याच्या गावी साखर नि रक्तदाब घेऊन आलेली वजनदार गर्भवती.

वजन धरायचे ते पहिल्या तीन महिन्यांतले. नवव्या महिन्याच्या आकड्यात बाळ, वार, गर्भजल आणि पायांवरची सूज सगळेच आलेले असते. उंची १५० सेंमी आणि वजन ५८ किलो असेल तर बीएमआय (वजनाच्या किलोंना उंचीच्या मीटरच्या वर्गाने भागून येणारा आकडा) २५.८ येतो. जागतिक मापात लठ्ठपणा ३० पासून धरतात, भारतीयांसाठी मात्र २५ पासून. म्हणजे घरच्यांना जी बाई नुसती ‘अंगानं भरलेली’ वाटते, ती या मापाने लठ्ठ ठरते. रोवणी किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत पहिली तपासणी लांबली, की हा मोलाचा आकडा कार्डावर येतच नाही.

लठ्ठ मातेत गर्भाशयाच्या स्नायूंचे आकुंचन कमी जोमाचे असते आणि दिवस उलटून जाण्याचे प्रमाणही जास्त. गर्भाशयाचे तोंड कितपत तयार आहे हे तपासणीत दिल्या जाणाऱ्या बिशप गुणांवरून ठरवतात (१९६४ पासून रूढ). ६ किंवा कमी गुण म्हणजे तोंड कच्चे. अशा वेळी औषधाचे जास्त डोस लागतात, ऑक्सिटोसिनचे (कळा वाढवणाऱ्या औषधाचे) सलाईन अधिक काळ चालते आणि तोंड ६ सेंमी उघडेपर्यंतचा टप्पा रेंगाळतो. जोर देण्याचा शेवटचा टप्पा मात्र फारसा लांबत नाही. सिझरचे प्रमाण वाढते, विशेषतः पहिलटकरणीत. आधी एक नॉर्मल बाळंतपण झालेल्या बाईची शक्यता कितीतरी चांगली असते. सिझर झालेच तर भूल देणे अवघड जाते, टाके पिकतात, पायात रक्ताची गुठळी होऊ शकते.

म्हणूनच ‘कळा लागू झाल्या नाहीत’ हा शेरा घाईने लिहू नये. आई-बाळ ठीक असतील तर पाणमोट फुटल्यावर ऑक्सिटोसिन किमान १२ ते १८ तास देऊन पाहावे, असा संकेत आहे. नुसते वजन हे सिझरचे कारण नव्हे. पण एवढा वेळ थांबायचे तर ऑपरेशनची सोय असलेले ठिकाण हवे, आणि रेफरची चिठ्ठी कळा आणण्यापूर्वीच लिहिलेली बरी.

या विषयाशी नागपूरचे जवळचे नाते आहे. तिथल्या दोन सरकारी रुग्णालयांत रक्तदाब वाढलेल्या ६०२ गर्भवतींवर झालेली चाचणी २०१७ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. दर २ तासांनी २५ मायक्रोग्रॅम मिसोप्रोस्टॉल हे कळा आणणारे औषध गिळायला दिलेल्यांपैकी ५७ टक्के स्त्रियांची २४ तासांत योनिमार्गे प्रसूती झाली. फोली नळीच्या (फुग्याच्या नळीच्या) गटात हे प्रमाण ४७ टक्के होते. चाचणी रक्तदाबाची होती, वजनाची नव्हे. पण वजनदार मातेत कळा आणण्याचे एक मोठे कारण रक्तदाबच असते.

कृश मातेत कळा सहसा लवकर लागू होतात आणि सिझरही कमी होते. काळजी असते ती बाळाची. वार कमजोर आणि बाळ अडीच किलोच्या आत असेल, तर जोरकस कळांत त्याचे ठोके घसरतात. ‘जास्त खाल्लं तर बाळ मोठं होते, बाळंतपण जड जाते’ या समजुतीने घरात गर्भवतीचे ताट कमी केले जाते, हे अतिशय घातक आहे. बीएमआय १८.५ च्या आत असलेल्या बाईचे वजन गरोदरपणात साडेबारा ते अठरा किलो वाढायला हवे.

कळांचे सलाईन लांबले की प्रसूतीनंतर गर्भाशय थकते, नीट आकसत नाही आणि रक्तस्राव होतो. वजनदार बाईला हा धोका आहेच. पण हिमोग्लोबिन सातवर असलेल्या, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या बाईला थोडे रक्त गेलेलेही सोसत नाही. तिच्या गटाचे रक्त आधीच सांगून ठेवावे लागते.