पूर दारात आणि नळ कोरडा: कोल्हापूरच्या पाण्याची पार्श्वभूमी

ऑगस्ट 2019 ला राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा नदी 55 फुटांच्या वर गेली, धोका पातळी 43 फूट, आणि त्याच दिवसांत शहरात लोक टँकरची वाट बघत होते कारण उपसा केंद्रंच पुरात बुडालेली. पोरांनी हे डोळ्यांनी बघितलं, तरी असं का झालं ते त्यांना कुठल्याच एका पुस्तकात सापडत नाही, म्हणून जरा मागं जाऊन लिहितोय.

पाण्याची समज इथं नव्हती असं अजिबात नाही. जुनी माणसं शिवाजी पुलाकडं बघून "मच्छिंद्री झाली" (म्हणजे पुलावरच्या माशाच्या खुणेला पाणी लागलं) म्हणायची आणि पूर कुठवर आलाय ते अख्ख्या पेठेला कळायचं. पावसाळा सरला की बंधाऱ्याला बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) घालायचे, पुढच्या पावसाआधी काढायचे, हे नदीकाठच्या पोरांनाही पाठ. शाहू महाराजांनी 1907 ला राधानगरीची योजना हाती घेतली, 1922 ला ते गेले तेव्हा धरण अर्धवटच होतं, पुरं झालं स्वातंत्र्यानंतर.

मग घरोघरी नळ आला आणि पाणी येतं कुठनं हे बघायचं कामच उरलं नाही. तळी बुजवली, कपिलतीर्थावर मंडई झाली, वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं. मोठ्या पावसात मैदानात पाणी साचलं की आपण चिडतो, पण कारण त्या जुन्या नावातच आहे.

शाळेत पर्यावरण आलं ते कोर्टामुळं, 1991 ला वकील एम. सी. मेहतांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टानं तसं सांगितलं. आता नववी-दहावीला जलसुरक्षाही आहे, चांगलंच आहे. पण राधानगरी इतिहासात, पंचगंगा भूगोलात, कावीळ विज्ञानात, आणि 2012 ला इचलकरंजीत दूषित पाण्यातनं पसरलेल्या काविळीनं माणसं दगावली ती नेमकी कुठल्या तासाला शिकवायची?

खरं तर सगळं एकाच साखळीत आहे. राधानगरी भरलं की 7 स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडायला लागतात, ते पाणी भोगावतीतनं येतं, कुंभी, कासारी, तुळशीचं पाणी त्याला मिळतं, प्रयाग चिखलीपासनं पंचगंगा, पुढं नृसिंहवाडीला कृष्णा, आणि कृष्णाच तुडुंब असली की फुगवटा येऊन आपलं पाणी ओसरतच नाही. जुलैत "राधानगरीचे गेट उघडले" असा व्हॉट्सअॅप मेसेज आला की मुलांनी वेळ लिहून ठेवायची आणि मग दर तासाला राजाराम बंधाऱ्याची पातळी वहीत उतरवायची.