तोंडाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतरचा शेक: जन आरोग्य योजनेची फाइल कधी लावायची?

ऑपरेशननंतर डॉक्टरांनी रेडिओथेरपी, म्हणजे शेक सांगितला असेल, तर तो सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवा. हे सहा आठवडे ऑपरेशनच्या तारखेपासून धरायचे, डिस्चार्जपासून किंवा टाके काढल्यापासून नव्हे. "जखम भरू दे, मग कागद बघू" म्हणत माणसं घरी थांबतात आणि पाचव्या आठवड्यात येतात. मग मंजुरी, शेकाच्या वेळी डोकं-मान स्थिर ठेवणारा मास्क, शेकाच्या आखणीसाठीचा सीटी स्कॅन, मशीनची तारीख हे सगळं उरलेल्या दिवसांत कसं बसणार?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत जुलै २०२४ पासून पांढरं रेशनकार्डही चालतं. रेशनकार्ड, आधार आणि उपचाराचे कागद घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला, म्हणजे तिथे बसणाऱ्या योजनेच्या मदतनिसाला, भेटा. ऑनलाइन नोंदणी तो करतो.

फाइल अडते ती नावावरून. आधारवर सासरचं नाव, रेशनकार्डावर नाव चढवलेलंच नाही, असं बायकांच्या बाबतीत वारंवार दिसतं. दुरुस्ती तहसीलच्या पुरवठा शाखेत होते आणि तिथे "पुढच्या आठवड्यात या" हे उत्तर ठरलेलं. कॅन्सरच्या पेशंटला पुढचा आठवडा परवडत नाही, हे त्या खिडकीला कोणी सांगायचं? उपचार तातडीचा असल्याचं डॉक्टरांचं पत्र अर्जाला जोडा आणि पोच घ्या. हे काम ऑपरेशनआधीच उरकलं तर उत्तम.

दुसरा कागद म्हणजे काढलेल्या गाठीचा अंतिम रिपोर्ट. काढलेल्या भागाच्या कडा कॅन्सरपासून मोकळ्या आहेत का, मानेच्या गाठींचं आवरण फुटलंय का, यावर शेकासोबत केमो द्यायची की नाही ते ठरतं. हा रिपोर्ट आपोआप घरी येत नाही, मागावा लागतो. शेक दुसऱ्या रुग्णालयात घ्यायचा असेल तर स्लाइड आणि ब्लॉकही (तपासणीसाठी काचेवर आणि मेणात जपून ठेवलेले गाठीचे तुकडे) मागून घ्या. ऑपरेशनची मंजुरी शेकाला चालत नाही. नवी पूर्वमंजुरी लागते.

दात मात्र कोणाच्याच यादीत नसतात. किडलेले दात शेकाआधी काढावे लागतात आणि ती जखम भरायला दहा-चौदा दिवस जातात. शेकानंतर दात काढला तर जबड्याचं हाड कुजण्याचा धोका असतो. म्हणून दातांच्या डॉक्टरांकडे शक्यतो ऑपरेशनआधीच जा, नाहीतर दुसऱ्या आठवड्यात तरी.

सहा आठवडे उलटून गेले असतील तरी घरी बसू नका, लगेच जा.

शेक साधारण ३० बैठकांचा, आठवड्यातून पाच दिवस. मध्ये खाडे चालत नाहीत. गावाहून येणाऱ्यांनी राहण्याच्या सोयीबद्दल रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात फाइल लावतानाच विचारून ठेवा.