शिकण्याची जबाबदारी कुणाची? ‘ढकलपास’च्या वादामागची पार्श्वभूमी

आठवीपर्यंत कुणालाच नापास न करण्याच्या, म्हणजे ‘ढकलपास’च्या, काळानंतर २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून महाराष्ट्रात पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा पुन्हा आली. उत्तीर्ण न झालेल्याला आणखी एक संधी मिळते आणि तीही हुकली तर त्याच वर्गात मुक्काम. या निर्णयाचे स्वागत करणारे शिक्षक आणि पालक एकच गोष्ट सांगत होते: नापासाची भीती गेली आणि मुलांनी अभ्यास सोडला. मूल आपणहून शिकत नाही, मागे काहीतरी लावावेच लागते, ही समजूत त्यात गृहीत आहे. ती जुनी आहे. तिच्याविरुद्ध महाराष्ट्रात झालेले कामही जुने आहे, पण वादाच्या वेळी त्याची आठवण फारशी निघत नाही.

पंतोजींच्या गावठी शाळेत छडी होती, अंगठे धरून उभे करणे होते. पण त्याच शाळांत थोरली मुले धाकट्यांकडून धुळाक्षरे गिरवून घेत. मद्रासच्या अनाथालयात काम करणाऱ्या अँड्र्यू बेल यांनी देशी शाळांतली वाळूत अक्षरे काढणारी मुले पाहिली आणि १७९०च्या सुमारास मुलांनीच मुलांना शिकवण्याची पद्धत बसवली. ती इंग्लंडला गेली. पुढे १८२०च्या दशकात मुंबईतल्या नव्या मराठी शाळांत मॉनिटरची पद्धत आली, ती विलायती म्हणून.

वर्गातली हवा खरी बदलली ती अनुदानामुळे. १८६०च्या दशकात मुंबई इलाख्यात खासगी शाळांना परीक्षेच्या निकालावर पैसे देण्याची रीत सुरू झाली. किती मुले पास झाली, तितके अनुदान. मुलाला कळले का, यापेक्षा तपासणीच्या दिवशी त्याला सांगता आले का, हे महत्त्वाचे ठरले. सरकारी शाळांतही डिपोटी, म्हणजे तपासणीचा सरकारी अधिकारी, येणार म्हटले की पाठांतराची धांदल उडे. शिकण्याची जबाबदारी इथे ना मुलाकडे राहिली ना शिक्षकाकडे. ती निकालाच्या तक्त्यात गेली आणि बऱ्याच अंशी आजही तिथेच आहे.

याच काळात, १८८२ मध्ये, जोतीराव फुले यांनी इंग्रज सरकारने नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिले. बारा वर्षांपर्यंतचे शिक्षण सक्तीचे करा, ही त्यातली मागणी सर्वांना ठाऊक असते. त्याच निवेदनात त्यांनी मुलांना शाळेची गोडी कशी लागेल याचाही विचार केला होता. शिक्षक शक्यतो शेतकरी समाजातले असावेत, मुलांमध्ये मिसळणारे, नांगर धरायला न लाजणारे. अभ्यासात मोडी-बाळबोध वाचनलेखन आणि हिशेबाबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान असावे. मूल शाळेत रमत नसेल तर आधी शाळेकडे पाहा, असा हा रोख आहे. मला तो आजच्या बहुतेक चर्चांपेक्षा पुढचा वाटतो.

पण वर्गाच्या आत, रोजच्या कामात या प्रश्नाला हात घातला तो बालशिक्षणात आयुष्य घातलेल्या ताराबाई मोडक यांनी. गुजरातेत भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करताना त्यांनी इटलीच्या मारिया माँटेसोरींची बालशिक्षणाची पद्धत जवळून पाहिली होती. मुलाला निवडीची मोकळीक द्या, शिक्षा नको आणि बक्षीसही नको, हा त्या पद्धतीचा गाभा. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ मध्ये ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीत ग्रामीण बालशिक्षणाचे काम उभे केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर हलवले. महागडी साधने परवडणार नव्हती, म्हणून बिया, शंख, खडे, पाने आली.

कोसबाडला वारली मुले शाळेत येत नव्हती. ‘यांना शिक्षणाची आवडच नाही’ असे म्हणून विषय संपवणे सोपे होते. ताराबाई-अनुताईंनी मुले दिवसभर काय करतात ते पाहिले. काही गुरे राखत होती, तर काहींच्या कडेवर धाकटे भावंड होते. मग गुरे चरतात तिथेच शाळा नेली, तीच कुरणशाळा. आणि पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणून विकासवाडी उभी केली, म्हणजे भावंडाला सांभाळणारी पोरगी त्याला शेजारच्या खोलीत ठेवून स्वतः वर्गात बसू शकेल. ‘मुलांना प्रेरणा नाही’ असे आपण म्हणतो तेव्हा त्यामागे इतके साधे, हाताने सोडवता येणारे कारण असू शकते. कोसबाडचे हे काम शिक्षक होणाऱ्या प्रत्येकाला नीट शिकवले जायला हवे.

पुढे लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू केले आणि फलटण, पुणे इथेही मराठी माध्यमाच्या प्रयोगशील शाळा टिकून राहिल्या. पण त्या मोजक्याच.

सरकारी पातळीवर वळण आले ते २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने. मूल स्वतः ज्ञान रचते, ही पियाजे-वायगॉट्स्की या मानसशास्त्रज्ञांच्या परंपरेतली भूमिका, म्हणजेच ज्ञानरचनावाद, त्याने मान्य केली. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. त्यातल्या कलम १६ ने आठवीपर्यंत नापास करणे थांबवले आणि लोकांनी त्याला ‘ढकलपास’ म्हटले. कलम २९ मात्र कृतीतून, शोधातून, भयमुक्त वातावरणात शिकण्याबद्दल बोलते. ही दोन कलमे एकत्र वाचायची होती. आपण पहिले अमलात आणले आणि दुसरे परिपत्रकांवर सोडले. ऑगस्ट २०१० मध्ये राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. शिक्षकाने रोज मुलाकडे पाहावे आणि त्याच्याविषयी लिहावे, असा त्यातल्या आकारिक, म्हणजे शिकताशिकता होणाऱ्या, मूल्यमापनाचा हेतू होता. प्रत्यक्षात वर्णनात्मक नोंदींच्या तयार पुस्तिका बाजारात आल्या आणि वाक्ये उतरवली जाऊ लागली. नोंदींचा भार पाहता सगळा दोष शिक्षकांना देता येत नाही.

त्याच सुमारास सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटमध्ये (एका विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालच्या शाळांच्या गटात) विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी जिल्हा परिषदेच्या साध्या शाळांत ज्ञानरचनावाद उतरवून दाखवला. मुले गटात बसून साहित्य हाताळत, एकमेकांना विचारत, जमले की पुढच्या कामाकडे वळत. राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या कुमठ्याला येऊ लागल्या. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम जाहीर झाला आणि फरशीवर रंगवलेले तक्ते गावोगावी पोहोचले. अनेक ठिकाणी वर्ग खरोखर बदलले. अनेक ठिकाणी फक्त फरशी रंगली, कारण मुलावर विश्वास टाकण्याची सवय भेट देऊन लागत नाही.

२०१९ मध्ये केंद्राने कायदा दुरुस्त करून पाचवी-आठवीत नापास करण्याची मुभा राज्यांना दिली आणि महाराष्ट्राने पुढे ती वापरली. फेरपरीक्षेआधी मुलाला जादा मार्गदर्शन द्यावे, असेही त्यात आहे. दुसरीकडे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने समग्र प्रगतिपुस्तकाची कल्पना मांडली, ज्यात शिक्षकाबरोबर मुलाने स्वतःचे आणि सोबत्यांचे मूल्यमापन करायचे आहे. म्हणजे एकाच मुलाच्या हाती नापासाचा शेराही येणार आणि स्वतःच्या शिकण्याबद्दल लिहायचा कोरा रकानाही. तो रकाना मूल स्वतः भरते, की तिथेही तयार वाक्य उतरवून घेतले जाते, हे येत्या काही वर्षांत वर्गावर्गांत जाऊन पाहावे लागेल.