शटरची तुटलेली स्प्रिंग बदलण्याचा खर्च (गोवा)

दुकान, गोदाम, वाहनदुरुस्तीचे गॅरेज किंवा घराखालची गाडी ठेवण्याची जागा यांना बसवलेल्या गुंडाळत्या लोखंडी शटरचे वजन तोलून धरणारी स्प्रिंग तुटल्यास किंवा ढिली पडल्यास ती बदलून घेण्यासाठी येणारा एकूण खर्च. स्प्रिंगची किंमत, कारागिरांची मजुरी, येण्याजाण्याचा आकार आणि काम उघडल्यावर दिसून येणाऱ्या इतर दुरुस्त्या हे त्याचे घटक होत. गोव्यात या खर्चात स्प्रिंगची स्वतःची किंमत बहुधा लहान असते. बिलाचा मोठा भाग मजुरीने आणि गंजाने व्यापलेला असतो.

मराठीत ‘गॅरेज’ म्हटले की आधी गाड्या दुरुस्त करण्याची जागा डोळ्यांसमोर येते, घरची गाडी ठेवण्याची नव्हे. गॅरेजच्या दरवाजाच्या स्प्रिंगचा खर्च म्हणून जे अमेरिकी आकडे सांगितले जातात, ते म्हणूनच इथे लागू पडत नाहीत. अमेरिकेत ज्याला गॅरेजचा दरवाजा म्हणतात, म्हणजे आडव्या फळ्यांचा, रुळांवरून छताखाली सरकणारा दरवाजा, तो गोव्यात काही बंगल्यांपुरताच आढळतो. त्या दरवाजावर आडव्या दांड्याभोवती पिळलेल्या तारेच्या स्प्रिंगा असतात. त्यांचे आयुष्य सर्वसाधारणपणे १०,००० वेळा उघडझाप इतके धरले जाते आणि तिकडे अशी एक स्प्रिंग मजुरीसह बदलून घेण्यास साधारण १५० ते ३५० डॉलर पडतात. हा आकडा रुपयांत बदलून म्हापशाच्या किंवा फोंड्याच्या कारागिरापुढे ठेवणे निरर्थक आहे, कारण इथले शटर, त्याची स्प्रिंग आणि मजुरीचा हिशेब हे तिन्ही वेगळे आहेत.

भारतातील गुंडाळत्या शटरांसाठी आयएस ६२४८ हे भारतीय मानक आहे. केंद्रीय लोकनिर्माण विभागाच्या दरसूचीत अशा शटरसाठी २७.५ सेंटिमीटर लांबीच्या, उच्च ताणक्षमतेच्या पोलादी तारेच्या स्प्रिंगा सांगितल्या असून ती तार आयएस ४४५४, भाग १ या मानकाप्रमाणे असावी अशी अट आहे. शटरच्या पट्ट्या एकमेकींत अडकवून पडदा तयार होतो आणि तो दोन बाजूंच्या गाईडमधून, म्हणजे उभ्या खोबणींतून, वरखाली होतो. वर ब्रॅकेटांत, म्हणजे भिंतीला ठोकलेल्या लोखंडी आधारांत, पक्का आवळलेला पाइप असतो, त्यावर फिरती चाके असतात आणि पडद्याचा वरचा काठ या चाकांना जोडलेला असतो. स्प्रिंगचे एक टोक पाइपला व दुसरे चाकाला बांधलेले असल्याने शटर खाली ओढताना स्प्रिंगला पीळ बसतो आणि वर उचलताना तोच पीळ उलगडत माणसाला हात देतो.

या रचनेतला समतोल वाटतो तितका सोपा नाही. शटर पूर्ण खाली असते तेव्हा जवळजवळ सगळे वजन लोंबत असते आणि पिळाचा जोरही सर्वाधिक असतो; शटर वर जाऊ लागले की लोंबते वजन घटते, गुंडाळीचा घेर वाढतो आणि स्प्रिंगचा जोर उतरत जातो. कारागीर सुरुवातीला पाइप पान्याने जो पीळ देतो तो या तिन्हींचा मेळ घालण्यासाठी असतो आणि त्याची खरी मजुरी या अंदाजाची असते. शटर अर्ध्यावर सोडून पाहिले असता ते जागीच थांबले, तर मेळ बसला असे समजतात. बंद शटरची स्प्रिंग सर्वाधिक ताणाखाली असल्यामुळे ती पुष्कळदा रात्री बंद दुकानात किंवा सकाळी पहिल्यांदा उचलतानाच तुटते. मोठा आवाज होतो आणि कालपर्यंत एका हाताने उघडणारे शटर दोघांनाही पेलत नाही. आठ फूट बाय आठ फूट मापाच्या शटरचा पडदा १.२ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचा असला, तर पट्ट्यांची वळणे हिशेबात न धरताही त्याचे वजन ५५ किलोंवर जाते, यावरून त्या स्प्रिंगेने आजवर काय वाहिले ते कळते.

खर्चाचा हिशेब नेमका इथे सुरू होतो. स्प्रिंग बदलण्यासाठी पडदा चाकांपासून सोडवावा लागतो, पाइप ब्रॅकेटांतून काढून दोघांनी खाली घ्यावा लागतो, नवी स्प्रिंग ओवून सगळे पुन्हा वर चढवावे लागते आणि मग पीळ द्यावा लागतो. एक स्प्रिंग बदला की तीन बदला, हे चढवणे-उतरवणे तेवढेच राहते. केवळ हिशेबापुरते समजा की शटरला तीन स्प्रिंगा आहेत, एक स्प्रिंग ५०० रुपयांना, दोन माणसांची मजुरी १,५०० रुपये आणि प्रवास ३०० रुपये आहे. एक स्प्रिंग बदलली तर बिल २,३०० रुपये होते, तिन्ही एकदम बदलल्या तर ३,३०० रुपये, आणि तीन वेगवेगळ्या वेळी एकेक बदलली तर ६,९०० रुपये. एकाच दिवशी बसवलेल्या, एकाच ओलाव्यात राहिलेल्या स्प्रिंगांपैकी एक तुटली की उरलेल्यांचेही आयुष्य बहुधा सरत आलेले असते, म्हणून तिसरा प्रकार मुळीच काल्पनिक नाही. तुटलेली तेवढीच बदला, असा आग्रह धरणारा गिऱ्हाईक बहुधा आपलाच तोटा करून घेतो. शटर नुकतेच बसवलेले असून एखादी स्प्रिंग सदोष निघाली, तर गोष्ट निराळी.

प्रत्यक्षात साध्या दुकानी शटरची एक स्प्रिंग काही शे रुपयांत आणि पूर्ण काम काही हजारांत होते. शटर जितके रुंद आणि पत्रा जितका जाड, तितक्या स्प्रिंगा अधिक. मोठ्या शटरांना गिअर व साखळी किंवा मोटर लागते आणि तिथे मजुरीचे स्वरूपच बदलते. नोंदणीकृत व्यावसायिकाच्या बिलावर दुरुस्तीसेवेसाठी १८ टक्के वस्तू व सेवा कर येतो. वरच्या ३,३०० रुपयांच्या उदाहरणात ती वाढ ५९४ रुपयांची होईल. वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या, केवळ सेवा देणाऱ्या कारागिराला सहसा नोंदणीची सक्ती नसते, म्हणून गावातल्या वेल्डरचा आकडा कमी दिसतो. हा फरक कारागिरीचा नसून कराचा असू शकतो, हे दोन अंदाजपत्रके शेजारी ठेवताना लक्षात घ्यावे लागते.

गोव्यातील अनेक दुकाने दुपारी बंद होऊन संध्याकाळी पुन्हा उघडतात. त्यामुळे त्यांच्या शटरची उघडझाप दिवसातून दोनदा होते आणि वर्षाचे ३०० दिवस धरले तर ती ६०० वेळा होते. १०,००० हा अमेरिकी दरवाजाचा आकडा क्षणभर इथे लावला, तर स्प्रिंग सोळा वर्षे टिकायला हवी. पण मोजदाद आणि अनुभव यांची इथे फारकत होते, कारण किनाऱ्यावर स्प्रिंगला उघडझापीपेक्षा पावसाळे जास्त खातात. गंजाने तारेवर बारीक खड्डे पडतात, पिळाचा ताण त्या खड्ड्यांपाशी एकवटतो आणि भेग तिथूनच सुरू होते. तारेची जाडी घटणेही महाग पडते. स्प्रिंगचा ताठपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताने बदलत असल्यामुळे व्यास दहा टक्क्यांनी कमी झाला की ताठपणा सुमारे एकतृतीयांशाने उतरतो.

कळंगुट, कोलवा, वास्को अशा ठिकाणी हवेतील मीठ हे मुख्य कारण असते आणि समुद्रापासून आत जावे तसे ते झपाट्याने कमी होते. वाळपईसारख्या आतल्या भागात मीठ नसले, तरी पाऊस किनाऱ्याहून अधिक पडतो. पर्यटनावर चालणाऱ्या दुकानांचे दुखणे आणखी वेगळे आहे. त्यांतील अनेक दुकाने जूनपासून सप्टेंबरपर्यंत बंद असतात, म्हणजे पावसाळ्याचे चारही महिने स्प्रिंग पूर्ण पिळात, न हलता, ओल्या हवेत उभी राहते. ऑक्टोबरात शटर उचलायला जावे आणि ते जागचे हलू नये, हे त्याचे फळ. हंगामाच्या तोंडावर सगळ्यांनाच कारागीर हवा असल्याने तेव्हा दर उतरवून घेण्याची आशा धरू नये. मे महिन्यात गाईड साफ करून स्प्रिंग आणि चाकांना ग्रीस लावून घेतले, तर हा खर्च पुष्कळ लांबतो.

अंदाजाबाहेरची वाढ बहुधा भिंतीतून येते. चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंतीत ठोकलेले ब्रॅकेटाचे बोल्ट वर्षानुवर्षांच्या झटक्यांनी सैल होतात, कारण जांभा दगड मऊ आणि सच्छिद्र असतो. अशा वेळी चिरा फोडून तिथे काँक्रीटचा ठोकळा भरावा लागतो आणि स्प्रिंगचे काम गवंड्याचे होऊन बसते. खालची गंजलेली पट्टी कापून नवी जोडणे आणि वरचे सडलेले हूड कव्हर, म्हणजे गुंडाळीवरचे पत्र्याचे झाकण, बदलणे हेही याच बिलात येते. हूड कव्हर नसेल तर ते बसवून घेण्याचा खर्च टाळू नये. झडीच्या पावसात स्प्रिंगच्या डोक्यावर तेवढेच छप्पर असते.

मजुरी वाचवण्यासाठी हे काम घरी करणे धोक्याचे आहे. वर सांगितलेल्या मापाच्या बंद शटरच्या स्प्रिंगांत मिळून सुमारे ७०० जूल ऊर्जा साठलेली असते, म्हणजे ७० किलो वजनाचा माणूस एक मीटर उचलावा इतकी. ब्रॅकेटाचा बोल्ट नकळत सैल केला तर ती क्षणात पान्यातून हातात येते.

भाड्याच्या दुकानात हा खर्च कोणी करायचा, याचे उत्तर आधी भाडेकरारात शोधावे लागते. संपत्ती हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०८ नुसार, वेगळा करार नसल्यास, भाडेकरूने जागा सुस्थितीत ठेवायची असते, पण नेहमीच्या वापराने होणारी झीज त्यातून वगळली आहे; आणि जी दुरुस्ती मालकाकडे बंधनकारक आहे ती त्याने सूचना देऊनही केली नाही, तर भाडेकरू ती करून घेऊन खर्च भाड्यातून वळता करू शकतो. स्प्रिंग झिजून तुटली की आदळआपटीने तुटली, यावर वाद होतो. तुटलेल्या टोकाकडे पाहिले तर बरेच कळते : छेदाचा काही भाग जुन्या गंजाने काळपट आणि उरलेला चकचकीत दिसला, तर भेग आधीपासूनच वाढत होती. म्हणून पैसे चुकते होईपर्यंत जुने तुकडे कारागिराच्या भंगारात जाऊ देऊ नयेत.