टेनपेनी टॉवरपाशी बिनसलेला हिशोब

‘फॉलआउट ३’ हा व्हिडिओ गेम ऑक्टोबर २००८मध्ये आला. त्यातल्या टेनपेनी टॉवरच्या क्वेस्टचा, म्हणजे मोहिमेचा विषय निघाला की तो खेळलेली माणसं अजूनही चिडतात. अणुयुद्धात उद्ध्वस्त झालेल्या वॉशिंग्टनच्या आसपास एक उंच इमारत शाबूत उरली आहे आणि तिच्यात पैसेवाले लोक पहारा ठेवून राहतात. किरणोत्सर्गाने कातडी झडलेले, पण बोलण्या-वागण्यात माणसंच असलेले ‘घूल’ बाहेरच्या बोगद्यात दिवस काढतात. त्यांचा म्होरक्या रॉय फिलिप्स पैसे मोजायला तयार आहे, तरी त्याला दारातूनच हाकलतात. घूलांना ठार करायचं, त्यांना चोरवाटेने आत घेऊन रहिवाशांचा बळी द्यायचा, की दोन्हीकडे बोलून समेट घडवायचा, हे आपल्या हातात असतं. समेटाची वाट सगळ्यात कष्टाची. दारोदार फिरून एकेकाला राजी करावं लागतं. शेवटी घूल आत राहायला येतात आणि क्वेस्ट संपते.

काही दिवसांनी तिथे परत जावं तर इमारतीत एकही जुना रहिवासी दिसत नाही. प्रेतं तळघरात पडलेली असतात. घूलांबद्दल आधीपासून आपुलकीने बोलणारा म्हातारा डॅशवुडही त्यांच्यात असतो. हे काम रॉयचं. संतापून त्याला गोळी घातली, तर आपल्या बऱ्या-वाईट वागण्याचा हिशोब ठेवणारा गेम आपल्याच कर्माचे गुण कापतो.

समेट फसला याबद्दल माझी तक्रार नाही. चांगल्या हेतूने केलेलं काम अंगावर उलटतं, हे गोष्टीत यायलाच हवं. मला खुपतात ते कापलेले गुण. डोळ्यांसमोर जे दाखवलं ते गोष्टीला कळलं होतं आणि हिशोब ठेवणाऱ्याला कळलं नव्हतं. हा हिशोब ठेवणारा गेममध्ये शिरला कसा, हे पाहायला बरंच मागे जावं लागतं.

१९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून पात्रं रंगवत खेळायचा खेळ आला तेव्हा कागद, पेन्सिल आणि फासे एवढंच साहित्य होतं. प्रत्येक पात्राला एक बाजू असे: सुव्यवस्था, तटस्थता किंवा अंदाधुंदी. पुढच्या चार-पाच वर्षांत तिला चांगलं-वाईट हा दुसरा अक्ष जोडला गेला आणि नऊ चौकटी झाल्या. पण टेबलाच्या टोकाला गेम चालवणारा एक जिवंत माणूस बसलेला असायचा. तुम्ही खोटं का बोललात, कोणाला वाचवायला बोललात, हे तो ऐकून घेई आणि मग ठरवी. हाच खेळ कॉम्प्युटरवर गेला तेव्हा त्या माणसाची खुर्ची रिकामी झाली. कॉम्प्युटरला ऐकून घेता येत नव्हतं, मोजता मात्र येत होतं.

मोजण्याचा पहिला मोठा आणि आजही थक्क करणारा प्रयोग रिचर्ड गॅरियट यांनी १९८५मध्ये ‘अल्टिमा ४’मध्ये केला. या गेमला खलनायकच नाही. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, प्रतिष्ठा, अध्यात्म आणि नम्रता हे आठ गुण अंगी बाणवून ‘अवतार’ व्हायचं. हा शब्द आपल्याकडचाच. हिंदू विचारातल्या अवतारकल्पनेवरून तो सुचल्याचं गॅरियट यांनी सांगितलं आहे. वनौषधी विकणारी एक आंधळी बाई असते. किती नाणी द्यायची ते तुम्हीच टाकायचं. कमी टाकली तर ती हूं की चूं करत नाही, पण आत कुठेतरी प्रामाणिकपणाचा आकडा घसरतो. हा आकडा पडद्यावर दिसत नाही. कसं चाललंय हे कळायला राजवाड्यातल्या द्रष्ट्याकडे जाऊन विचारावं लागतं. आकडा झाकलेला असल्यामुळे बाईला फसवण्याआधी हात थोडा थबकायचा. पुढच्या वीस वर्षांत नेमकं हे झाकणच उघडं पडलं.

त्याआधी १९९७च्या पहिल्या ‘फॉलआउट’ची एक हकीकत सांगायला हवी. जंकटाउन नावाच्या वस्तीत दोघांचा झगडा चाललेला असतो: कायद्याने वागणारा दुकानदार-महापौर किलियन आणि जुगाराचा अड्डा चालवणारा गिझ्मो. मूळ आखणीत गिझ्मोला साथ दिली तर गाव भरभराटीला येणार होतं आणि किलियन जिंकला तर त्याच्या कडक न्यायाने गावाचा श्वास कोंडणार होता. गेम बाजारात येण्याआधी हे फिरवण्यात आलं. सज्जनाला साथ दिली की गावाचं भलं, दुर्जनाला दिली की वाटोळं. टेनपेनी टॉवरचं बीज मला या बदलात दिसतं. चांगलं वागलात की चांगलं घडणार, असा एक अलिखित करार तिथे झाला आणि खेळणारे त्यावर विसंबले.

मग आकडे उघड्यावर आले. बायोवेअर कंपनीच्या २००३च्या ‘नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक’मध्ये उजेडाची बाजू आणि अंधाराची बाजू अशी सरळ पट्टी होती. २००४च्या ‘फेबल’मध्ये पुण्यवानाच्या डोक्यामागे तेजोवलय यायचं आणि पाप्याला शिंगं फुटायची. पट्टीच्या टोकाला पोचल्यावर बक्षीस असल्यामुळे लोक प्रश्न वाचेनासेच झाले. कोणतं उत्तर निळं (सज्जनाचं) आणि कोणतं लाल (दुर्जनाचं) एवढंच पाहू लागले.

‘फॉलआउट ३’मध्ये तर मेगाटन हे अख्खं गाव अणुबॉम्बने उडवल्यावर हजार गुण जातात आणि रिव्हेट सिटीच्या दारातल्या भिकाऱ्याला स्वच्छ पाण्याची एक बाटली दिली की पन्नास मिळतात. म्हणजे वीस बाटल्यांत गाव फिटलं. आपल्याकडे पापाचा घडा भरतो असं म्हणतात. पाण्याच्या बाटल्यांनी तो रिकामा करता येतो असं कोणी म्हटलेलं नाही. (भारतीय संस्कृतीतल्या संवेदनशीलतेचं कारण देऊन मायक्रोसॉफ्टने हा गेम एक्सबॉक्ससाठी भारतात आणलाच नाही. नेमकं काय खटकलं ते सांगितलं नव्हतं. त्यातल्या दोन डोक्यांच्या गुरांना ‘ब्राह्मिन’ म्हणतात, हेच असावं असा बहुतेकांचा तर्क होता.)

पट्टीविरुद्ध बंड लवकरच झालं. ऑब्सिडियन कंपनीच्या २००४च्या ‘नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक २’मध्ये एक भिकारी पैसे मागतो. दिले तर त्या पैशांसाठी दुसरा कोणी त्याच्यावर तुटून पडतो, नाही दिले तर तोच दुसऱ्याला लुटतो. सोबतची ‘क्रिया’ नावाची म्हातारी दोन्ही वेळा आपली कानउघाडणी करते. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडने २००७च्या ‘द विचर’मध्ये वेगळी युक्ती केली. पहिल्या अंकात बंडखोरांना पेट्या नेऊ दिल्या, तर त्याचं फळ पुढच्या अंकात, कित्येक तासांनी एका माणसाच्या खुनाच्या रूपाने समोर येतं. तोवर जुना सेव्ह (आधी साठवून ठेवलेला टप्पा) उघडून निवड बदलण्यात अर्थ उरलेला नसतो. सेव्ह आणि रीलोडमुळे पश्चात्ताप फुकट झाला होता; तो त्यांनी पुन्हा महाग केला.

पण गोष्टीच्या प्रत्येक फाट्याला पैसा लागतो. सगळे संवाद नटांकडून बोलून घ्यायचे म्हटल्यावर, बहुतेकांना दिसणारच नाही अशा वाटेवर खर्च करायला हात आखडतो. बायोवेअरमध्ये पूर्वी काम केलेल्या एका डिझायनरने २०२०मध्ये सांगितलं होतं की त्या कंपनीची ‘मास इफेक्ट’ ही गेममालिका खेळणाऱ्यांपैकी सुमारे ९२ टक्के सज्जनपणाच्याच वाटेने जात. म्हणून दुष्ट वाट अरुंद राहते. २०२३च्या ‘बाल्डर्स गेट ३’मध्येही ती उणीव जाणवली आणि दुष्ट एंडिंग वाढवण्याचं काम सप्टेंबर २०२४च्या पॅचमध्ये (गेमच्या सुधारणेत) झालं. फुटलेल्या वाटा पुढे पुन्हा एका दारात आणून सोडणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. ‘मास इफेक्ट’च्या पहिल्या भागात रॅक्नाय या परग्रहवासी प्राण्यांच्या राणीला मारलं, तरी तिसऱ्या भागात तिची जागा घेणारी दुसरी राणी हजर असते.

मार्च २०१२मध्ये या काटकसरीचा स्फोट झाला. तीन गेम, पाच वर्षं, एकाच पात्राचे सेव्ह पुढे नेत आलेले लोक ‘मास इफेक्ट ३’च्या शेवटी पोचले आणि त्यांच्या हाती आले लाल, निळा, हिरवा असे तीन पर्याय, जवळपास एकाच चित्रफितीचे. चाहत्यांनी बायोवेअरला तीन रंगांचे चारशेच्या वर कपकेक पाठवले, सगळे एकाच चवीचे. त्यांनीच आजारी मुलांसाठी ८० हजार डॉलरही उभे केले, हे मात्र कमी आठवलं जातं. जूनमध्ये कंपनीने एंडिंग वाढवून फुकट दिली.

‘फॉलआउट ३’ची एंडिंगही अशीच दुरुस्त करावी लागली होती. शेवटी किरणोत्सर्गाने भरलेल्या खोलीत कोणीतरी जाऊन मरायचं असतं. शेजारी आपला सोबती फॉक्स उभा असतो. त्याला किरणोत्सर्ग बाधत नाही, आणि आधी अशाच खोलीतून त्याने आपल्यासाठी एक यंत्र आणूनही दिलेलं असतं. तरी तो म्हणतो, हे तुझं प्राक्तन. मे २००९च्या ‘ब्रोकन स्टील’ या पुरवणी भागाने त्याला आत पाठवायची सोय केली. निवेदनात मात्र खरा वीर कोण याचं बोलणं तसंच राहिलं आणि शहाणपणाचा निर्णय घेणाऱ्याला भ्याड ठरवत राहिलं.

२०१५च्या ‘द विचर ३’मध्ये पट्टी नाही. टेकडीखालच्या आत्म्याला मुक्त केलं तर दलदलीतली अनाथ मुलं वाचतात, पण एक गाव उजाड होतं आणि तिथल्या सरदाराची, बॅरनची बायको मरते. तिला आपण वाचवायला निघालो होतो. परत आल्यावर बॅरन अंगणातल्या झाडाला लटकलेला दिसतो. गुण कापले जात नाहीत, निवेदक बोलत नाही. यादीत क्वेस्टपुढे ‘पूर्ण’ एवढीच नोंद होते, आणि मी गेम तसाच चालू ठेवून त्या झाडाखाली बराच वेळ उभा होतो.