फ्रेंच पिच : एका नावाच्या दोन पट्ट्या

सतराव्या शतकातला फ्रेंच संगीतकार लुली याच्या ऑपेराचं एक ध्वनिमुद्रण कुणाला ‘गडद, भारदस्त’ वाटतं, दुसरं ‘झळाळतं, पण गळे ताणलेले’. मतं मांडणारे गायकांवर आणि संचालकांवर घसरतात. दोन मुद्रणं वेगवेगळ्या पट्टीत आहेत हे मात्र राहून जातं. पट्टीचा विषय काढावा, तर ‘फ्रेंच पिच’ हा शब्दच घोळ घालतो. हार्पसिकॉर्ड (पियानोच्या आधीचं, तारा छेडणारं कळींचं वाद्य) आणि जुन्या लाकडी बासऱ्यांच्या वर्तुळात त्याचा अर्थ ‘ला’ म्हणजे ३९२ हर्ट्झ. एकोणिसाव्या शतकातले पियानो आणि ऑर्गन दुरुस्त करणारे त्याच शब्दाने ४३५ सांगतात. दोन्हींत १८० सेंटचं अंतर आहे (पूर्ण स्वराचे २०० सेंट), म्हणजे जवळजवळ एक पूर्ण स्वर. (फ्रेंचांचा ‘ला’ आपल्या सरगमसारखा सरकत नाही, तो हार्मोनियमवरचा ए, म्हणजे पांढरी सहा.)

आधी ३९२ बद्दल. सतराव्या-अठराव्या शतकातल्या फ्रान्सला एकच पट्टी नव्हती. चर्चची एक, ऑपेराची एक, दिवाणखान्यातल्या मैफलीची तिसरीच. आज शिल्लक असलेल्या बासऱ्या आणि ओबो मोजले, की बरेचसे ३९० ते ४०० च्या आसपास वाजतात. त्यातून ३९२ हा आकडा उचलला गेला, कारण तो आजच्या ४४० च्या बरोबर एक पूर्ण स्वर खाली बसतो. म्हणजे आकडा विसाव्या शतकाच्या सोयीचा आहे. सवय तेवढी जुनी.

४३५ ची गोष्ट याहून गुंतागुंतीची, आणि कागदोपत्री नोंदलेली. १८५० च्या दशकात पॅरिसच्या ऑपेराचा ‘ला’ ४४८ पर्यंत चढला होता. इतर शहरांत तो त्याहून वर होता. वाद्यवृंदाला चढी पट्टी आवडते, तंतुवाद्यं चमकतात. लष्करी बँडच्या पितळी वाद्यांनी तर चढाओढच लावली होती. भरडले जात होते ते गायक. जुन्या ऑपेरांतल्या जागा लिहिल्या त्या वेळी जिथे होत्या, तिथून त्या बऱ्याच वर सरकल्या होत्या. १८५८ मध्ये सरकारने संगीतकार आणि भौतिकशास्त्रज्ञांची समिती नेमली. समितीने युरोपभरातून नादकाटे (ठोकला की ठरावीक सूर देणारे पोलादी चिमटे, ट्यूनिंग फोर्क) मागवले, मोजले आणि ४३५ वर बोट ठेवलं. हा आकडा तिने शोधलेला नव्हता. कार्ल्सरूहच्या जर्मन दरबारी नाट्यगृहात ती पट्टी आधीच चालू होती. ४४८ वरून ४३५ वर येणं म्हणजे साधारण पाव स्वर उतरणं. गायकांना थोडा दिलासा मिळावा आणि वाद्यंही अगदीच भंगारात जाऊ नयेत, असा तो मध्यममार्ग.

फेब्रुवारी १८५९ मध्ये आदेश निघाला. पॅरिसच्या शाही नाट्यगृहांना १ जुलैपासून आणि सरकारमान्य संगीतशाळा, प्रांतांतली नाट्यगृहं वगैरेंना १ डिसेंबरपासून हीच पट्टी बंधनकारक झाली. ‘सरकारने संगीताला शिस्त लावायला निघावं का’ असा नाराजीचा सूर तेव्हाही होता, आजही ऐकू येतो. पण खरा प्रश्न खर्चाचा होता. व्हायोलिनची तार सैल करायला क्षण पुरतो. क्लॅरिनेट, ओबो, बासून ही लाकडी फुंकवाद्यं मात्र पाव स्वर खाली येत नाहीत: सांधा बाहेर ओढून नळी लांब केली की सांध्याजवळच्या भोकांचे स्वर जास्त उतरतात, लांबच्या भोकांचे कमी, आणि वाद्य स्वतःशीच बेसूर होतं. नवी वाद्यं घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. ऑर्गनमध्ये एकेका नळीला हात लावावा लागतो, म्हणून कित्येक चर्चमध्ये जुनी पट्टी पुढेही टिकली. हे सगळं धरूनही तो आदेश शहाणपणाचा होता, असंच म्हणावं लागतं. तो नसता तर चढण कुठे थांबली असती सांगता येत नाही.

आता त्या आदेशातली भाषा, कारण निम्मा गोंधळ तिथला आहे. कागदावर ४३५ हा आकडा नाही. तिथे ८७० आहे. फ्रेंच तेव्हा ‘साधी कंपनं’ मोजत. झोपाळा पुढे गेला की एक, मागे आला की दोन. आपण जाऊन-येऊन मिळून एक आंदोलन धरतो, म्हणून ८७० चे ४३५ होतात. त्या काळातल्या नादकाट्यांवर ८७० असा ठसा सापडतो. तो वाचून ‘ही वरच्या सप्तकातली वस्तू’ असं समजणारे विक्रेते आजही भेटतात.

दुसरी अट तापमानाची: १५ अंश सेल्सिअस. हवा तापली की तिच्यातला ध्वनीचा वेग वाढतो आणि फुंकवाद्य दर अंशाला साधारण ३ सेंट चढतं. १५ अंशांना ४३५ देणारी बासरी निव्वळ हिशेबाने २५ अंशांना ४४२ जवळ जाते. फुंकीची ऊब आत आधीच असते, त्यामुळे प्रत्यक्षात थोडी कमी चढते. पोलादी नादकाट्याचं उलट: दहा अंश वाढले की तो सुमारे अर्धा हर्ट्झ उतरतो. थंड काट्यावर सूर लावून गरम सभागृहात वाजवायला बसलं की तारा आणि फुंकवाद्यं एकमेकांपासून दूर जातात ती यामुळे. शिवाय मूळ सरकारी काटाही किंचित चढा निघाला. पुढे अधिक अचूक यंत्राने तपासल्यावर तो ४३५.४ च्या आसपास भरला. हा फरक कानाला जाणवणारा नाही, पण वाद घालायला पुरला.

तापमानाच्या अटीने लंडनमध्ये आणखी एक आकडा जन्माला घातला. १८९६ मध्ये तिथल्या एका संस्थेने सभागृहाचं तापमान २० अंश धरून ४३५ चं गणित वर नेलं आणि ४३९ स्वीकारले. पुढे रेडिओच्या प्रसारणाला स्थिर ‘ला’ विजेवर तयार करायची वेळ आली. दहा लाख हर्ट्झने कंप पावणाऱ्या स्फटिकापासून भागत भागत १००० पर्यंत यायचं, त्याला ११ ने गुणायचं, २५ ने भागायचं, की ४४० मिळतात. ४३९ ही मूळ संख्या. अशा गुणाकार-भागाकाराने ती हाती लागत नाही. १९३९ च्या लंडन बैठकीत ४४० ठरण्यामागे हेही एक कारण सांगितलं जातं. १९५५ मध्ये त्यालाच आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली.

मधल्या काळात ४३५ ला मोठा मान होता. १८८५ च्या व्हिएन्ना परिषदेने ते मान्य केलं. पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहात पुन्हा लागू करायच्या करारांच्या यादीत रेल्वे आणि तारायंत्रांसोबत हाही करार आहे. आपल्याकडे व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या ‘४३२ म्हणजे विश्वाचा नाद’ छाप मजकुराशी या इतिहासाचा संबंध एवढाच, की इटलीने १८८४ मध्ये काही काळ ४३२ धरले होते. आज युरोपातले बरेच वाद्यवृंद ४४२ वर वाजवतात, म्हणजे उतरलेल्या वाटेची निम्मी चढण परत झालीच.

जुनं संगीत त्याच काळच्या वाद्यांवर वाजवण्याची चळवळ १९७० नंतर फोफावली, तेव्हा ४१५ ही सोयीची पट्टी रूढ झाली, कारण ती आजच्यापेक्षा बरोबर अर्धा स्वर खाली येते. फ्रेंच संगीतासाठी आणखी अर्धा स्वर उतरून ३९२ वर जाणं त्यानंतरचं, आणि ते फुकट होत नाही. ४१५ साठी बसवलेली आतड्याची तार ३९२ वर आणली की ताण ११ टक्क्यांनी घटतो. तार ढिली पडते, गज तिच्यावर घसरतो. तोच ताण हवा तर सुमारे ६ टक्के जाड तार बसवावी लागते. हार्पसिकॉर्डचा कीबोर्ड एका कळीएवढा बाजूला सरकवता येतो, टोकाच्या रिकाम्या जागेत लाकडी ठोकळा बसतो. पण जुळणी मीनटोनची (काही जोड्या शुद्ध आणि काही बेसूर ठेवणारी जुनी पद्धत) असेल तर सी-ई ही गोड जोडी आता बी आणि ई फ्लॅटच्या तारांवर पडते, आणि ती कर्कश वाजते. सगळं पुन्हा जुळवावं लागतं. मैफलीच्या मध्यंतरात कीबोर्ड सरकवून पट्टी बदलली जाते तेव्हा कान टवकारून ऐकावं.

सगळ्यांत मोठा फरक गळ्यात पडतो. लुलीच्या काळातल्या फ्रेंच ऑपेरांतला नायक बहुधा ‘ओत-कोंत्र’, म्हणजे उंच पुरुषी आवाज. ३९२ वर तो नैसर्गिक आवाजात, वरच्या टोकाला हलका करून गाता येतो. ४४० वर तीच ओळ पूर्ण स्वर वर जाते. गायक ताण घेतो किंवा नकली आवाजाकडे वळतो. म्हणून ‘हा टेनर (नैसर्गिक उंच पुरुषी आवाज) की काउंटरटेनर (नकली आवाजात गाणारा)’ या वादात उतरण्याआधी मुद्रणाची पट्टी विचारणं योग्य.

ती घरी शोधता येते. त्याच काळातला फ्रेंच संगीतकार शार्पांतिए याच्या ‘ते देउम’ या चर्चच्या स्तोत्राची सुरुवात लिहिली आहे डी मेजरमध्ये. ४४० वर जुळलेला हार्मोनियम किंवा तानपुऱ्याचं ॲप घेऊन तिचा षड्ज शोधावा. पांढरी दोनला जुळला तर मुद्रण ४४० च्या घरातलं, काळी एकला तर ४१५, पांढरी एकला तर ३९२. दोन कळींच्या मधे आला तर ४३५ किंवा ४४२ असले आकडे, किंवा चुकीच्या वेगाने केलेली प्रत.

ही शेवटची शक्यता जुन्या तबकड्यांच्या बाबतीत छळते. फ्रेंच संगीतकार देब्यूसीने १९०४ मध्ये एका सोप्रानोला (उंच आवाजाच्या गायिकेला) स्वतः पियानोवर साथ करून काही तबकड्या केल्या. त्या काळी तबकड्यांचा वेग नेमका ७८ फेऱ्यांचा नव्हता, म्हणून प्रत करणारा पट्टीवरून वेग ठरवतो. पियानो ४३५ चा धरला काय आणि ४४० चा काय, तीन मिनिटांत फरक दोनच सेकंदांचा. पण गाणं छापील पट्टीत आहे की गायिकेच्या सोयीने अर्धा स्वर उतरवलेलं, हे चुकलं तर वेगात ६ टक्के आणि लांबीत दहाएक सेकंदांचा फरक पडतो. मग ऐकणारे लिहितात, संगीतकाराला स्वतःचं संगीत घाईत हवं होतं.